गोव्यातल्या घरात एकट्याने पॉप अल्बम रेकॉर्ड करताना

घरी अल्बम करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी माइक शोधायला लागतात. माइकचा प्रश्न बराच नंतरचा. आधी हे बघा: तुमच्या घरात सलग दोन तास शांतता कधी मिळते? त्या खोलीतली हवा किती दमट असते? आणि गाणी खरंच पूर्ण झाली आहेत का? गोव्यात घरचं रेकॉर्डिंग अडतं ते याच तीन ठिकाणी. ही तीन उत्तरं हाताशी असली की साध्या सामानावरही कान देऊन ऐकावा असा अल्बम होतो. ती नसतील तर महागडा माइक नको असलेले आवाजही तितक्याच बारकाईने टिपतो.

आधी वेळापत्रक

माइकसमोरची कामं, म्हणजे गळा, गिटार आणि घुमट (मातीच्या भांड्याला कातडं ताणून केलेलं गोव्याचं तालवाद्य), नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. पावसाळा लिहायला, सॉफ्टवेअरमधली वाद्यं बसवायला आणि मिक्सिंगला ठेवा. जून ते सप्टेंबर कौलांवरचा पाऊस, रात्रभर ओरडणारे बेडूक आणि दमट हवा हे तिन्ही एकदमच येतं. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून वीस मिनिटंही गाता येत नाही. थंडीचे महिने बरे, पण त्यातही गावची जत्रा आणि जवळच्या चर्चचं फेस्त (वार्षिक सण) कधी आहे ते आधीच विचारून घ्या. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यांच्या गोंगाटामुळे काहीच रेकॉर्ड होणार नाही, तो दिवस सोडून द्या.

आता दिवसातली वेळ. गाताना ठेवाल तोच गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) ठेवून माइक चालू करा आणि एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. असं पहाटे पाचला, सकाळी अकराला, दुपारी अडीचला आणि रात्री अकराला, तीन दिवस. मीटरवर शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली राहिली तर ती वेळ कामाची. सकाळ बहुधा बाद होते: पोदेराचा (पाववाल्याचा) पोंगा, मासळीवाल्याची हाक, शेजारच्या विहिरीचा पंप. लोकांना रात्र शांत वाटते, पण रातकिड्यांचा आवाज साधारण ३ ते ८ किलोहर्ट्झमध्ये बसतो आणि गाण्यातली व्यंजनं नेमकी तिथेच स्पष्ट होतात. तो नंतर इक्वलायझरने कापायला गेलात तर शब्दांची धारही जाते. खेड्यापाड्यात सगळ्यात भरवशाची वेळ दुपारी दीड ते साडेतीन. दुकानं बंद, माणसं आडवी झालेली, रस्ता रिकामा. गोव्याच्या वामकुक्षीचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

गाणी कागदावर पूर्ण करा

पहिल्या अल्बमला आठ ते दहा गाणी, तीस-पस्तीस मिनिटं, पुरे. एका वहीत प्रत्येक गाण्यापुढे चार गोष्टी लिहा: पट्टी, लय मिनिटाला किती ठोके, एकूण लांबी आणि कोणकोणती वाद्यं. पट्टी ठरवताना गाणं तीन पट्ट्यांत मोबाइलवर गाऊन बघा आणि अंतरा ऐकून निवडा. मुखडा बहुतेकदा कुठल्याही पट्टीत जमतो, गळा ताणला जातो तो अंतऱ्यात. लयीचंही तसंच. चार ठोक्यांचा फरक फार वाटत नाही, पण मराठी शब्द दाटीवाटीने आले तर ९६ ला निवांत बसणारी ओळ १०० ला धापा टाकते.

दहाही गाण्यांत एकच गिटार, एकच बास आणि तीन-चार ठरावीक ड्रमसंच ठेवा. एकट्याने काम करताना ‘हे नको’ म्हणणारं जवळ कोणी नसतं, म्हणून मर्यादा आधीच घालून घ्यावी लागते. १९७९ मध्ये टास्कॅमचा कॅसेटवरचा पोर्टास्टुडिओ आला तेव्हा घरी रेकॉर्ड करणाऱ्याला फक्त चार ट्रॅक मिळायचे. आज शंभर मिळतात, आणि नवख्यांची गाणी बिघडतात ती बहुतेकदा गर्दीने.

खोली

चिरेबंदी भिंतींचं, कौलारू छपराचं जुनं घर असेल तर त्याचे गुणदोष ओळखा. उतरतं छप्पर फायद्याचं असतं, कारण जमीन आणि छत समांतर नसल्याने आवाज त्यांच्यात उड्या मारत राहत नाही. पण कौलांच्या फटींतून बाहेरचं सगळं आत येतं, त्यामुळे वर माळा असलेली खोली निवडा. गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंती आणि लाल कोब्याची किंवा टाइल्सची जमीन मात्र आवाज जशाच्या तसा परत फेकते. फ्लॅटमधली स्लॅबची चौकोनी खोली याहून अवघड.

खोलीच्या मध्यावर उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा पातळ कंप आला तर दोन समोरासमोरच्या भिंती बोलत आहेत असं समजा. त्यातल्या निदान एका भिंतीवर जाड काहीतरी यायला हवं. अंड्यांचे ट्रे लावू नका. त्यांनी किरट्या आवाजात थोडा फरक पडतो, घुमणं तसंच राहतं, आणि ते पेटही चटकन घेतात. त्यापेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन जाड रजया आणा, दुहेरी घड्या घालून दोरीवर टांगा. गाताना त्या तुमच्या पाठीमागे आणि एका बाजूला हव्यात. माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, त्यामुळे तुमच्या मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाजच तो जास्त पकडतो. हे उलटं करून माइकमागे रजई लावणारे पुष्कळ.

पुढच्या टप्प्यावर ४८ किंवा ६४ किलो प्रति घनमीटर घनतेच्या रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या लोकरीच्या), दोन फूट बाय चार फूट, चार इंच जाडीच्या चौकटी करून घ्या. रॉकवूल भरताना हातमोजे आणि मास्क घाला, वरून सुती कापड ताणून बसवा. गोव्यात चौकट भिंतीला चिकटवायची नाही, मागे दोन ते चार इंच जागा सोडायची. हवा खेळती राहून बुरशी धरत नाही, आणि त्या पोकळीमुळे खर्जातला आवाजही जास्त शोषला जातो.

गाण्याची जागा खोलीच्या अगदी मध्यावर किंवा कोपऱ्यात नको. तीन मीटर रुंद खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींपाशी फुगतो आणि मध्यावर गायब होतो. मिक्स करायला बसताना समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसा.

दमट हवा आणि वीज

एक आर्द्रतामापक घ्या आणि खोलीतच ठेवा. अकूस्टिक गिटारीला ४५ ते ५५ टक्के मानवते. पावसाळ्यात आपल्याकडे आकडा ८५ च्या वर जातो. गिटारीची वरची लाकडी फळी फुगते, तारा बोटं दाबायच्या पट्टीपासून वर उचलल्या जातात, आवाज ओल्या खोक्यासारखा होतो. गिटार भिंतीवर टांगू नका, पेटीत बंद ठेवा आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. नारिंगी दाणे हिरवट झाले की ते भरले; ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. किनाऱ्यालगत राहत असाल तर खाऱ्या वाऱ्याने तारा काही दिवसांतच काळ्या पडतात. लेपाच्या तारा महाग असल्या तरी तिथे त्याच परवडतात.

कंडेन्सर माइकमध्ये (बारीकसारीक टिपणारा, चालायला वीज लागणारा प्रकार) ओल शिरली की आवाजामागे तळणीसारखी तडतड ऐकू येते. माइक बिघडला असं लगेच समजू नका. त्याला केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा पुरवठा बंद करून तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर दिवसभर ठेवा. बहुतेकदा तेवढ्याने सुधारतो. काम संपल्यावर माइक स्टँडवर तसाच ठेवू नका, डबा हेच त्याचं घर.

विजेची गुणगुण हा दुसरा नेहमीचा त्रास. ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा ‘हम्म’ ऐकू आला तर लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला तर दोष चार्जरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. सगळी उपकरणं एकाच तीन-पिनी बोर्डावर घ्या, पंख्याचे रेग्युलेटर आणि डिमरचे दिवे बंद करा, आणि जुन्या घरात वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. इन्व्हर्टर लागत असेल तर प्युअर साइन वेव्हचा. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर गिटारीचा पिकअप अखंड बझ करतो. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि इंटरनेटची केबल, दोन्ही काढा.

आता सामान

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) हवा, त्यात ४८ व्होल्ट आणि गिटार थेट जोडायची सोय असावी. कान पूर्ण झाकणारा हेडफोन, मजबूत स्टँड, पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा झोत अडवणारी जाळी), पाच मीटरची माइकची एक्सएलआर केबल (म्हणजे लॅपटॉपचा पंखा लांब राहतो) आणि सुरांसाठी छोटा मिडी कीबोर्ड. खोलीची व्यवस्था झाली असेल तर कंडेन्सर माइक घ्या. खोली अजून उघडी-बोडकी असेल तर शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक (४८ व्होल्ट न लागणारा) माइक घ्या आणि पाच ते आठ सेंटिमीटरवरून गा. तो लांबचं कमी ऐकतो. त्याला गेन मात्र बराच लागतो, म्हणून इंटरफेस निवडताना गेनचा आकडा ६० डेसिबलच्या आसपास आहे का ते बघा. स्पीकर नंतर घेतले तरी चालतात.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कोणतंही एक घ्या आणि अल्बम संपेपर्यंत बदलू नका. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. या दर्जात एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६ एमबी लागतात. चार मिनिटांच्या गाण्यात वेगवेगळ्या टेकसकट (टेक म्हणजे एका वेळचं गाणं किंवा वाजवणं) ४० ट्रॅक धरले तरी एका गाण्याचे १.४ जीबी, दहांचे १४. म्हणजे जागेची काळजी नाही, तेव्हा दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर ठेवा. रेकॉर्ड करताना बफर (सॉफ्टवेअर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतं तो) ६४ किंवा १२८ सॅम्पलचा, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (लॅपटॉपमधून न जाता आवाज थेट ऐकणं) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा आपला आवाज बंद करा. दोन्ही एकदम चालू राहिले की आवाज दुहेरी, पोकळ ऐकू येतो. नवख्यांचा अर्धा दिवस यातच जातो.

पातळी: सगळ्यात जोराची ओळ गाऊन शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलवर येईल असा गेन लावा. प्रत्यक्ष टेक देताना माणूस चाचणीपेक्षा जोरात गातो, म्हणून वर जागा हवी. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं दुरुस्त होत नाही.

रेकॉर्डिंगचा क्रम

आधी क्लिकवर (लयीच्या टिकटिकीवर) गिटार आणि गळ्याचा कच्चा ट्रॅक. तो पुढे पुसला जाणार आहे, पण पूर्ण भाव घालून गा, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं. मग ड्रम, मग बास, गिटार, कीबोर्ड, मुख्य गळा आणि शेवटी साथीचे आवाज. बास इंटरफेसच्या गिटार इनपुटमध्ये थेट लावा, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

अकूस्टिक गिटारीसाठी माइक बाराव्या पडद्यासमोर २० ते ३० सेंटिमीटरवर, किंचित गिटारीच्या अंगाकडे वळवून. गोल भोकासमोर ठेवलात तर नुसता घुमारा येतो. तारा आदल्या दिवशी बदला, प्रत्येक टेकआधी सूर लावा. तोच भाग दुसऱ्यांदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला की गाणं रुंद होतं. एकाच टेकची नक्कल करून हे होत नाही, ती नक्कल पुन्हा मध्यावरच येऊन बसते.

पॉपमध्ये घुमट घ्यायचं मनात असेल तर जरूर घ्या. २०१९ पासून ते गोव्याचं वारसा वाद्य आहे आणि ड्रमच्या तयार नमुन्यांत न सापडणारा पोत त्यात आहे. घोरपडीच्या कातड्याचं घेऊ नका, ते कायद्याने बंद आहे. आता बकऱ्याच्या कातड्याचं मिळतं. घुमटाला दोन तोंडं असतात आणि दोन्हींचा आवाज वेगळा: कातड्याकडून थापेची टणक सुरुवात, उघड्या तोंडाकडून खर्ज, तोही डाव्या हाताने झाकत-उघडत वर-खाली होणारा. एकच माइक असेल तर तो ४० सेंटिमीटरवर, कातड्याच्या बाजूला थोडा झुकवून ठेवा. दोन असतील तर एक एकेका तोंडाकडे लावा आणि दुसऱ्याची फेज (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. ज्या स्थितीत खर्ज भरीव लागतो ती बरोबर. दमट दिवशी कातडं सैल पडतं. ते उन्हात किंवा दिव्याच्या उबेजवळ ताणावर आणा आणि लगेच वाजवा, दहा मिनिटांत आवाज उतरतो.

गळा

अल्बम गळ्यावर चालतो, म्हणून इथे घाई नको. कंडेन्सर माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, पॉप फिल्टर त्याच्या अलीकडे चार बोटांवर. पाय कुठे ठेवायचे तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. माइकची उंची आणि गेनच्या बटणाची जागा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दहा गाणी दोन महिन्यांत गायली जाणार. जागा दरवेळी बदलली तर गाण्यागणिक गायक बदलल्यासारखा वाटतो.

मराठीची एक खास अडचण आहे. तळहात तोंडासमोर धरून ‘भेट’, ‘फूल’, ‘पाऊस’ म्हणून बघा. भ आणि फ ला हवेचा झोत हातावर आपटतो, तोच माइकवर ‘धप्’ असा येतो. ख, घ, थ, ध सुद्धा कमी-अधिक तसेच. पॉप फिल्टर सगळा झोत अडवत नाही. माइक तोंडाच्या रेषेपेक्षा थोडा वर, नाकाच्या पातळीवर घ्या आणि खाली झुकवा, झोत त्याच्या खालून निघून जातो. दुसरी अडचण ‘चांदणं’, ‘चाक’ यांतल्या दंत्य च ची. तो ‘त्स’ असा सुटतो आणि स, श बरोबर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये टोचतो. यावर डी-एसर (टोचणारे स-च दाबणारं साधन) लावतात, पण जोरात लावला की ‘चांदणं’ बोबडं होतं. तीन-चार डेसिबलच्या वर दाबू नका, राहिलेले दोन-चार टोकदार च हाताने एकेक खाली करा. वेळ लागतो, पण ऐकणाऱ्याला शब्द कळणार असतील तर तो द्यायलाच हवा.

खोली आधी एसीने गार करा, मग एसी आणि पंखा दोन्ही बंद. प्रत्येक गाण्याचे चार-पाच पूर्ण टेक घ्या, दहावा टेक क्वचितच पहिल्या पाचांहून सरस असतो. दुसऱ्या दिवशी शब्दांचा कागद समोर ठेवून प्रत्येक ओळीपुढे चांगल्या टेकचा आकडा लिहा आणि ते तुकडे जोडा. श्वास कापून टाकू नका. तो काढला की ओळ कुठूनही उगवल्यासारखी वाटते. साथीच्या आवाजांत शब्दाच्या शेवटचा स, त, क म्हणूच नका, ते मुख्य गळ्यावर सोडा. नाहीतर चार आवाजांचे चार त मागेपुढे पडून टकटक ऐकू येते.

मिक्स आणि मास्टर

रेकॉर्डिंग संपल्यावर निदान चार दिवस काहीही ऐकू नका. मग हळू आवाजात, शेजारी बोलता येईल इतक्याच पातळीवर, फक्त फेडर (प्रत्येक ट्रॅकच्या आवाजाची सरकती कळ) हलवून तोल साधा. अर्धं काम इथेच होतं. गळ्याच्या ट्रॅकमधला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, खोलीची कोंदट छटा २५० ते ४०० हर्ट्झमध्ये सापडेल. कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारं साधन) ३:१, दाब चार ते सहा डेसिबल. किक आणि बास मध्यावरच राहू द्या. रिव्हर्बला (आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याला) ३० मिलिसेकंदांच्या आसपास प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) दिला की शब्द पुढे राहतात, आणि रिव्हर्बमधला २०० च्या खालचा भाग काढला की गढूळपणा जातो. डिले (पडसाद) लयीत हवा असेल तर ६०,००० ला ठोक्यांनी भागा: १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा.

प्रत्येक मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर, गाडीत आणि मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) ऐका. मोनोत गिटार नाहीशी झाली तर रुंदी वाढवणारं एखादं प्लगइन तिथे जास्त झालेलं असतं.

पैसे थोडेच असतील तर ते मास्टरिंगवर (तयार मिक्सवरून फिरवायच्या शेवटच्या हातावर), दुसऱ्याच्या कानांवर खर्च करावेत असं आमचं मत. स्वतःच करणार असाल तर शिखर उणे १ डेसिबल ट्रू पीकच्या वर नेऊ नका. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे फार दाबून मोठं केलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, नुसतं चपटं राहतं. गाण्यांच्या पातळ्या मीटरवर नव्हे, गळ्यावरून जुळवा. हळव्या गाण्यातला गळा आणि नाचऱ्या गाण्यातला गळा एकाच अंतरावरून आल्यासारखे वाटले पाहिजेत.

हक्क आणि प्रकाशन

शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. तिन्ही तुमचे असतील तर काम सोपं; नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. दुसऱ्याच्या कवितेला चाल लावायची असेल तर लेखी परवानगी घ्या. आपल्याकडे बाकीबाब बोरकरांच्या ओळी गाव्याशा वाटणं साहजिक आहे, पण कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे २०४४ संपेपर्यंत त्यांच्या वारसांची परवानगी लागेल. संतांचे अभंग मोकळे आहेत, पण त्यांच्या प्रसिद्ध चाली मोकळ्या असतीलच असं नाही. मित्राने एखाद्या गाण्यात घुमट वाजवलं तर त्याचा मोबदला आणि नाव कसं द्यायचं ते त्याच दिवशी लिहून, सही घेऊन ठेवा. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या, वाजवल्या गेलेल्या गाण्यांचं मानधन त्या वाटेने येतं.

गाणी वितरक कंपनीमार्फत ॲप्सवर जातात. प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) लागतो, तो बहुतेक वितरकच देतात. तो वहीत उतरवून ठेवा, कारण पुढे वितरक बदलला तरी तोच चालवायचा असतो. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, आणि स्वतःच्या नावाचं रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर एकाच माणसाची दोन पानं तयार होतात. तारखेच्या चार आठवडे आधी सगळं चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर निदान सात दिवस आधी. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) आठवडा टाळा, गोव्यातलं तुमचं पहिलं श्रोतेमंडळ तेव्हा घुमट-आरतीत असतं.

अल्बम बाहेर पडला की लगेच एक दिवस काढून प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, सोबत लय आणि पट्टी लिहिलेला मजकूर. सॉफ्टवेअर बदलतं, प्लगइन बंद पडतात. उद्या साथीचे ट्रॅक लावून रंगमंचावर गायचं झालं, तर या फाइलींतला गळा बंद केला की काम होतं.